बुलबुलच्या मागचं विमान

पांढुर्णा, ६ जानेवारी २०२५

चंचल पोरी,

आशीर्वाद घे. बाकीची खुशाली गजेंद्रले विचार, मले वेळ नाई. दिवाळीत तू वही देली अन् म्हटलं, आत्या, तिसरीपर्यंत शिकली तेवढंबी विसरून जाशीन, मले पत्र लिवत जा. लिवून राहिली. तसाबी फोन केला का तुहा बाप मधातच हिसकते अन् अर्धा घंटा मले संत्र्याच्या झाडाईची तब्येत सांगते. त्यापेक्षा गजेंद्र कंडक्टर बरा. पत्र देलं का गुपचूप खिशात ठेवते अन् तुह्या दारासमोर गाडी थांबवून देते.

आता कामाचं. आमच्या अंकुशले काय झालं? कालेजातून आला का खोलीत घुसते, कानाले ते डबडे लावते अन् वरडते. परवा वरडला, "मागं आहे! मागं आहे!" मी खराटा घेऊन धावली, म्हटलं साप असन. साप कायचा? कंप्युटरमधी इमानं फिरून राहिले होते. काल वरडला, "मेलो!" अन् पाच मिनिटानं जेवाले बसला. चार पोळ्या खाल्ल्या मेलेल्यानं.

कंप्युटर मी शिकाले घेऊन देला होता. बोरगावच्या कारखान्यात त्याच्या काकानं त्याच्यासाठी जागा पाहून ठेवली हाय. या इमानाईत पोट्टा कोण्याबी कामाचा नसन, तं कंप्युटर पोत्यात अन् पोट्टा बोरगावले. त्याले विचारलं तं म्हणते, "माय, तुले नाई समजत." तू आकड्याईचं कालेज करतं. तू समजावून सांग. लवकर सांग.

तुही आत्या,
कलाबाई


सौंसर, ९ जानेवारी

आत्या, नमस्कार.

आधी खराटा खाली ठेव.

तो विमानांच्या लढाईचा खेळ आहे. पाच जणांची एक टीम, समोर दुसरे पाच. कोणी इंदोरचे, कोणी भोपाळचे, सगळे आपापल्या घरी बसून एकाच आभाळात लढतात. "मेलो" म्हणजे त्याचं विमान पडलं. पुढच्या खेपेला नवीन मिळतं, म्हणून त्यानं चार पोळ्या खाल्ल्या.

आता नीट ऐक. २३ फेब्रुवारीला नागपूरला मोठी स्पर्धा आहे. पांढुर्णा आणि सौंसर मिळून खेळणारे दहा जण आहेत अन् जायचं आहे पाचांना. वैभव म्हणून आमच्या कॉलेजचा मुलगा कॅप्टन आहे. दोन गावांत भांडणं नको म्हणून त्यानं मला सांगितलं, तू स्टॅटिस्टिक्स शिकतेस, आकड्यांवरून यादी लाव. मी फक्त आकडे मांडते. आजवरच्या एकशेवीस सामन्यांची नोंद आहे. कोणी किती विमानं पाडली, भागिले किती खेपा केल्या, असा सरळ हिशेब. वैभव, प्रफुल्ल, राहुल, आशिष हे चार पक्के आहेत. पाचवी जागा ठरायची आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते, चिडू नको. अंकुश दहावा आहे. दहापैकी.

पण बोरगावचं इतक्यात ठरवू नको. यादी पक्की व्हायला महिना आहे.

तुझी चंचल


पांढुर्णा, १२ जानेवारी

चंचल,

दहावा?

खेळाचा मले संताप हाय, तो येगळा. पण माहा पोट्टा दहावा कसा काय? लहानपणी पतंग काटाले पुऱ्या मोहल्ल्यात त्याच्यासारखा नव्हता. मी त्याच्या खोलीत गेली अन् म्हटलं, "काय रे, तू सगळ्याईच्या मांग?" तो म्हणे, "माय, तुले कोणं सांगतलं?" मी म्हटलं, "आकड्यानं."

मंग मी त्याले विचारलं, तुम्ही लढता कोणासंग? तो म्हणे, सौंसरवाले जास्त करून दुपारी खेळते, तवा शाळेतले लहान पोट्टे असते समोर, नवीन शिकणारे. हा खेळते पाचच्या बाद, तवा इंदोर-भोपाळचे पक्के खेळाडू असते. आता माहं ऐक, आकडेवाली बाई.

रघुनाथरावच्या वावरात पहिला वेचा दिवाळीच्या आसपास असते. बोंडाले हात लावला का कापूस हातात. तवा कालची आलेली सूनबी साठ किलो वेचते. मंग तू फरदडीले, शेवटच्या वेच्याले ये. पऱ्हाटी वाळली, बोंडं करकचले, बोटं फाटते. तवा मी मरमर करून वीस किलो वेचतो, अन् बाकीच्या बारा. आता तू वही घेऊन बांधावर उभी राहशीन अन् म्हणशीन, सून साठ, कलाबाई वीस, कलाबाईले घरी पाठवा. असंच केलं ना तू? तुह्या त्या पोट्ट्याईनं पहिला वेचा वेचला अन् माह्या पोट्ट्यानं फरदड. हे लिवलं का वहीत? नाई लिवलं.

मी अंकुशले सांगून देलं. पाचात आला तं कंप्युटर राहीन. नाई आला तं बोरगाव. त्या दिवशी त्यानं दोनच पोळ्या खाल्ल्या. म्हणून म्हणतो, हिशेब बरोबर कर.

कलाबाई


सौंसर, १९ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. आमच्या सरांनी हेच तीन महिने शिकवलं, मी पेपरात लिहून मार्कही घेतले, आणि यादी लावताना विसरले. समोरचा किती तगडा होता ते न पाहता नुसती विमानं मोजली.

आठवडाभर बसून परत केलं. प्रत्येक टीमला तिच्या ताकदीप्रमाणे वजन दिलं. शाळेतल्या पोरांचं विमान पाडलं तर थोडं, इंदोरवाल्याचं पाडलं तर जास्त. दुपारवाल्यांपैकी दोघं-तिघं धाडकन खाली आले, वैभवनं दोन दिवस तोंड वाकडं केलं. अंकुश दहाव्यावरून सहावा आला.

पण सहावाच, आत्या. पाचव्या जागेवर जी व्यक्ती आहे ती एका खेपेला सरासरी पावणेदोन विमानं पाडते अन् अंकुश एकसुद्धा नाही. वजन देऊनही तेवढं अंतर भरून निघत नाही. आणि त्या व्यक्तीलाही नागपूरला जायचंच आहे. टीममध्ये नाव आलं तरच घरचे पाठवणार आहेत. कोण ते विचारू नको. यादी लावणाऱ्यानं नाव फोडू नये.

अंकुशला सांग, अजून वेळ आहे. विमानं पाड म्हणावं. दुसऱ्यांच्या मागं मागं काय फिरतो?

चंचल


पांढुर्णा, २७ जानेवारी

चंचल,

तू म्हटलं दुसऱ्याईच्या मांग मांग काय फिरते, म्हणून मी सोता पाहाले बसली. चार दिवस. वावरातून आली का हातपाय धुवाचे, चिंचोक्याईची थैली घ्याची अन् त्याच्या दारात बसाचं. दोन वाट्या मांडल्या. त्यानं दुश्मनाचं इमान पाडलं का एक चिंचोका डाव्या वाटीत. आपल्या कोणाच्या मांग दुश्मन लागला अन् यानं जाऊन तो हाकलला, तं एक चिंचोका उजव्या वाटीत. अंकुश म्हणे, "माय, तू जाय ना, मले लाज वाटते." मी म्हटलं, "तू मर गुपचूप, मी मोजून राहिली."

चार दिवसाचे चिंचोके: डाव्या वाटीत सात. उजव्या वाटीत एकतीस.

आता सांग, एकतीस कोणाच्या खात्यात गेले? मी त्याले विचारलं. तो म्हणे, "हाकलल्याचे नाई मोजत माय, पाडल्याचे मोजते."

वा रे तुमचं मोजणं! नवीन पोरगी वेचाले आली का आम्ही तिले एकटीले नाई सोडत. दोघी जुन्या बायाईच्या मधात तिची ओळ लावतो. बाजूवाली बाई आपली ओळ वेचता वेचता तिच्या ओळीतले बोंडंबी तोडते अन् तिच्याच ओटीत टाकते, म्हणजे पोरगी मांग नाई राहात अन् मालक तिले बोलत नाई. सांजेले काट्यावर पोरीचं गठोडं भारी अन् बाईचं हलकं. मी कितीक वर्सं हलकं गठोडं घेऊन घरी आली. काटा खोटं नाई बोलत, पण काटा वावरातबी येत नाई.

तं आता असं कर. ज्याच्या बाजूले अंकुश हाय तवा त्याचं वजन किती, अन् अंकुश नाई तवा किती, हे दोन्ही येगळं काढ. सगळ्याईचं काढ. मंग मले दहावा-सहावा सांग.

अजून एक. हे कोणाले सांगू नको. ते बुलबुल कोण हाय वं? पोट्टा सारखा तिच्याच मांग. "बुलबुल, डावीकडं! बुलबुल, खाली!" एकतीसमधले अठरा चिंचोके एकट्या बुलबुलचे. तिच्यासाठी दोन डाव सोताचं इमान जाळून घेतलं. विचारलं तं म्हणते, "आहे सौंसरची एक," अन् दुसरीकडं पाहाले लागला. मले काय समजत नाई का? कोणाची पोरगी हाय? नाकीडोळी कशी हाय? स्वैपाक येते का नुसती उडते? तू त्याच गावात हायस, जाऊन पाहून ये अन् मले लिव.

कलाबाई


पांढुर्णा, ६ फेब्रुवारी

चंचल,

दहा दिवस झाले. हात मोडला का तुहा?

मी गजेंद्रवर बिघडली, म्हटलं पत्र पाडलं असन यानं. त्यानं जामसावळीच्या हनुमानाची शपथ घेतली. म्हणे, "कलाबाई, पोरीनं माह्या हातातून घेतलं, तिथंच उभ्यानं वाचलं. अगोदर खूप हसली. मंग हसणं बंद झालं अन् घरात गेली." 

हसाले काय झालं? अन् बंद काऊन झालं? बुलबुल एवढी बेकार हाय का? लिव लवकर. इथं अंकुश एका पोळीवर आला हाय.

कलाबाई


सौंसर, १० फेब्रुवारी

आत्या,

बुलबुल म्हणजे मी.

खेळात खरं नाव लावत नाही कोणी. मी तुला लिहिलं होतं, मी फक्त आकडे मांडते. ते खोटं होतं. दहा जणांत एक मीही आहे अन् पाचव्या जागेवर मीच होते. अंकुशला मीच सांगितलं होतं की माझं नाव घरात काढू नको, यादी लावणारीच यादीत आहे हे तुला कळलं तर भलतंच व्हायचं. अंकुश मला ताई म्हणतो, तेव्हा तुझ्या सुनेचा विषय मिटला. हसले ते त्यासाठी.

हसणं थांबलं कारण एकतीसमधले अठरा चिंचोके माझे, हे तिथंच लक्षात आलं. तू सांगितलेला हिशेब त्याच दिवशी करायला घेतला, तीन-चार दिवस लागले. हे बघ. अंकुश माझ्या मागं असताना मी चाळीस खेपा केल्या, एका खेपेला जवळपास अडीच विमानं. तो नसताना चोवीस खेपा, एका खेपेला पाऊणसुद्धा नाही. मला वाटलं नशीब असेल, खेपा थोड्या आहेत. म्हणून एकाच टीमविरुद्धच्या लढाया वेगळ्या काढल्या. तरी तेच. मग सगळ्यांचं काढलं. अंकुश होता ते चौसष्ट सामने, त्यातले एकेचाळीस जिंकलो. नव्हता ते छप्पन्न, त्यातले तेवीस. दहापैकी दुसऱ्या कोणाच्याही असण्या-नसण्यानं एवढा फरक पडत नाही.

माझं भारी गठोडं त्यानं भरलं होतं, आत्या, अन् मी त्याच्याबद्दलच लिहिलं की मागं मागं काय फिरतो.

आठ दिवस तो कागद मी वहीत झाकून ठेवला. टीममध्ये कोणी मागितला नव्हता, वैभवला या हिशेबाची कल्पनाही नव्हती. जुनी यादी तशीच दिली असती तर मी गेले असते. रोज सकाळी ठरवायची, देते. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या. मग तुझं दुसरं पत्र आलं, त्यात ती एक पोळी.

काल दिला. अंकुश पाचात आहे. मी सहावी. वैभव म्हणतो सहावा खेळाडूही नेता येतो, पण बाबा राखीव खेळाडू म्हणून पाठवणार नाहीत, अन् कॉलेजचं सबमिशनही आहे. जाऊ दे. कंप्युटरचं पोतं तेवढं रिकामं ठेव.

तुझी चंचल


पांढुर्णा, १३ फेब्रुवारी

खोटारडे,

एक महिना मले येड्यात काढलं. मी इकडं तुलेच तुह्या नाकीडोळीचं विचारून राहिली अन् तू तिकडं हसून राहिली. भेट तू, मंग पाहतो.

अंकुशले पत्र वाचून दाखवलं. तो म्हणे, "मी नाई जात, ताईले जाऊ दे." मी म्हटलं, "काऊन? तुही जागा काट्यावर आली हाय, कोणी भीक नाई देली." मी जे लिवलं ते वापस घेत नाई. बुलबुल तू हायस हे मालूम असतं तरीबी तेच लिवलं असतं. फक्त आवाज थोडा बारीक ठेवला असता.

पण तुह्या त्या सबमिशनवर माहा भरोसा नाई. आठ दिवस झाकला म्हणतं ना कागद? आम्ही तं वजन वाढाले गठोड्यात गोटा टाकणाऱ्या बाया पाह्यल्या, अन् त्या मरेपर्यंत नाई सांगत. तू आठव्या दिवशी सांगतलं. हे कमी नाई. यापेक्षा जास्त गोड मले लिवता येत नाई.

खाली दुसरा कागद हाय तो तुह्या बापाले दे. वाचू नको. वाचशीनच, मालूम हाय.

कलाबाई

—

भगवंता,

तुही पोरगी इमानाच्या खेळात पाचवी होती. टीमनं मागतला नव्हता तो हिशेब तिनं सोता देला अन् सहावी झाली. आपल्या घरात असं कोणी केलं नाई. तू लहानपणी पाटलाच्या चिंचेवर चढला होता अन् मार मी खाल्ला, आठवते का? तवा तू कोणता हिशेब देला होता?

२३ तारखेले मी नागपूरले जाऊन राहिली. पोरगी माह्यासंग येईन, माह्यासंग वापस येईन. नाई म्हणायचं असन तं पांढुर्ण्याले ये अन् माह्या तोंडावर म्हण.

तुही मोठी बहीण


सौंसर, १७ फेब्रुवारी

आत्या,

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग आईला म्हणाले, "त्या चिंचेचं हिच्या अजून लक्षात आहे?" मग बराच वेळ अंगणात संत्र्याच्या रोपांना पाणी घालत बसले, ज्यांना सकाळीच घातलं होतं. रात्री जेवताना मला विचारलं, "नागपूरला थंडी असेल का?"

माळ्यावरची बॅग त्यांनीच काढून दिली. पांढुर्ण्याला येऊन तोंडावर नाही म्हणायची त्यांची हिंमत नाही, असं आई म्हणते. 

वैभवनं मला एक काम दिलं आहे. समोरच्या प्रत्येक टीमचे आकडे काढायचे, कोण कुठं कच्चा आहे ते. मी तुझी रीत लावून राहिली आहे. नुसतं कोण पाडतो ते नाही, कोणाच्या मागं कोण असतो तेही.

थैली आणशील ना?

चंचल


पांढुर्णा, २६ फेब्रुवारी

चंचल पोरी,

घरी पोचली. पाय सुजले, बाकी बरी हाय.

नागपूरचं तुले मालूमच हाय, तू तिथंच होती. पण माहं लिवाचं राहिलं हाय, म्हणून लिवतो. बारा टीमाईत आपण सातवे आलो. त्यात हसण्यासारखं काई नाई, पाच टीमा घरी जाताना आपल्या मांग होत्या. पहिल्या लढाईत तू अगोदरच सांगतलं होतं का त्याईचा निळ्या शर्टवाला एकटा पडला का घाबरते, अन् तो घाबरला. दुसरी अन् तिसरी आपण हारलो ते वैभवच्या घाईनं. त्याले तोंडावर सांगतलं मी. तो म्हणे, "हो काकू." चांगला पोट्टा हाय.

आता शेवटची, सातव्या नंबराची. प्रफुल्लनं म्हटलं माहा हात आखडला, ताईले बसू द्या. खोटं बोलला तो, हात चांगला होता, मंग त्याच हातानं समोसे खाल्ले. तू जाऊन बसली. मी मांग खुर्चीवर दोन वाट्या मांडीवर घेऊन बसली होती. त्या माईकवाल्यानं विचारलं, "मावशी, प्रसाद आहे का?" मी म्हटलं, "हिशेब हाय. पुढं हो."

अन् मी काय पाहतो, तं आज बुलबुल पुढं नाई. अंकुश पुढं अन् बुलबुल त्याच्या मांग. दुश्मन त्याच्यावर आला का तू मधात. अंकुशले मांग पाहाचं कामच पडलं नाई, त्यानं तीन इमानं पाडले. आजवर एका लढाईत त्यानं तीन पाडले नव्हते. वरडला का नाई तो? सगळा हॉल पाहाले लागला.

मोठ्या पडद्यावर नावं आले तवा अंकुशच्या समोर तीन लिवलं होतं अन् तुह्या समोर शून्य. तू गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली होती ते मी पाह्यलं. म्हणून सांगतो. त्या पडद्यानं शून्य लिवलं, तं लिवू दे. माह्या उजव्या वाटीत तुह्या नावाचे चार होते.

बोरगावच्या काकाले निरोप देला, पोट्टा सध्या कामात हाय, जागा दुसऱ्याले दे. त्यानं विचारलं कोणत्या कामात. मी म्हटलं, तुले नाई समजत.

ते चार चिंचोके फडक्यात बांधून गजेंद्रजवळ देऊन राहिली. तुहे हायेत, ठेव. पण हातात घेतल्याबरोबर मोजजो. चार पायजे. तो गजेंद्र चिंचोके भाजून खाते.

तुही आत्या,
कलाबाई